वस्तुदान की अर्थदान?

आपल्या निवासी शाळेची ही स्मरणिका हाती पडेल तेव्हा अनेक माजी विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि समाजबांधवांच्या मनात एक विचार येईल : ज्या संस्थेने आपल्याला किंवा आपल्या लेकरांना घडविले, तिच्यासाठी आपणही काहीतरी केले पाहिजे. हा विचार आला की माणूस प्रथम आपल्या घराकडे पाहतो. कपाटात न वापरले जाणारे कपडे असतात, माळ्यावर मुलांची जुनी पुस्तके असतात, कोपऱ्यात बंद पडत आलेला संगणक असतो. मग शाळेत दूरध्वनी येतो, "सर, बऱ्याच वस्तू निघाल्या आहेत, वसतिगृहातल्या मुलांसाठी पाठवू का?" या प्रश्नामागे आपुलकी असते, तिचा अनादर कोणीही करू नये. परंतु त्या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक वेळा असे असते की, वस्तूंऐवजी जमेल तेवढी रक्कम द्यावी, मग ती थोडी असली तरी चालेल. असे उत्तर दिले की ऐकणाऱ्याला ते किंचित रुक्ष वाटते. काहींना त्यात संस्थेचा लोभही दिसतो. म्हणून या उत्तरामागची कारणे सविस्तर मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इतिहास हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्याने आरंभ इतिहासापासून करतो.

त्रिरश्मी लेण्यातील एक हिशेब

नाशिकजवळची त्रिरश्मी लेणी, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात ती, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. ते सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांपैकी एका लेखात त्याने भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे. वर्षावासात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवर मिळावे, अशी त्याची इच्छा होती. राजघराण्यातील माणूस होता. वीस चीवरांचे गाठोडे पाठविणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. त्याने एकूण ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज ठरले आणि उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, असेही त्यात स्पष्ट केले आहे.

आता हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे नेमके २४०. दुसऱ्या ठेवीचे व्याज भिक्खूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी होते. अशा कायम ठेवीला त्या काळी 'अक्षयनीवी' म्हणत.

या एका लेखात दानविषयक शहाणपणाचे अनेक धडे आहेत. दात्याने चीवराची गरज ओळखली, पण चीवर स्वतः निवडून लादले नाही. रक्कम अशा ठिकाणी ठेवली की ती दरवर्षी नव्याने उपयोगी पडेल. ती विणकरांकडे ठेवल्याने स्थानिक कारागिरांच्या धंद्याला भांडवल मिळाले. आणि सगळा व्यवहार दगडावर कोरला, म्हणजे कोणालाही तो तपासता यावा.

बुद्धांच्या हयातीतील अनाथपिंडिकाची कथाही आपण मुलांना सांगतो. श्रावस्तीचे जेतवन विकत घेण्यासाठी त्याने जमिनीवर नाणी अंथरली. भरहूतच्या स्तूपावर हा प्रसंग कोरलेला असून बैलगाडीतून आणलेली नाणी जमिनीवर मांडणारी माणसे त्यात दिसतात. येथे एक शंका रास्त आहे : भिक्खूंना तर सोने-चांदी स्वीकारण्यास मनाई आहे, मग धनाचे दान कसे? त्याचे उत्तर विनयातच आहे. गृहस्थाने रक्कम कप्पियकारकाकडे, म्हणजे संघासाठी व्यवहार पाहणाऱ्या उपासकाकडे द्यावी आणि त्यातून संघाला उचित असलेली वस्तू गरजेप्रमाणे उपलब्ध व्हावी, अशी मुभा बुद्धांनी दिली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर संस्थेच्या कोषाध्यक्षाचे काम तेच आहे.

वसतिगृह कशावर चालते?

वसतिगृहाला रोज काय लागते, हे बाहेरून नीटसे दिसत नाही. तांदूळ, डाळ, तेल, भाजी, गॅसची टाकी ही नावे चटकन आठवतात. पण त्याबरोबर विजेचे देयक असते, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर असतो, तुंबलेल्या शौचालयाची दुरुस्ती असते, स्वयंपाकीण बाईंचे आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचे मानधन असते. एखाद्या मुलाला मध्यरात्री ताप भरला तर रिक्षा आणि डॉक्टर असतात. दहावीच्या मुलींचे परीक्षा शुल्क असते, सॅनिटरी पॅड असतात, लेखापरीक्षकाचे शुल्क असते. यांपैकी एकही गोष्ट जुन्या गाठोड्यातून निघत नाही. कोणी दाता विजेचे देयक 'वापरून झालेले' म्हणून पाठवू शकत नाही. शासकीय अनुदानाचा हप्ता लांबला की याच खर्चांपाशी संस्थेची कोंडी होते, कारण किराणा दुकानदार उधारी एका मर्यादेपर्यंतच देतो.

वस्तू एकच काम करते. पैसा मात्र ज्या दिवशी जी गरज असेल तिचे रूप घेतो. जूनमध्ये तो वह्या होतो, ऑगस्टमध्ये औषध होतो, डिसेंबरमध्ये पांघरूण होतो आणि मार्चमध्ये परीक्षा शुल्क होतो. शिवाय गरज आणि दान यांचे वेळापत्रक जुळत नाही. वसतिगृहाची मोठी गरज जूनच्या प्रवेशाच्या वेळी असते. घरे आवरली जातात दिवाळीला. मिष्टान्नाचे भोजन देण्याची इच्छा बहुतेकांना १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा किंवा स्वतःच्या मुलाच्या वाढदिवशी होते. एकाच दिवशी तीन ठिकाणांहून श्रीखंड-पुरी यावी आणि पुढच्या आठवड्यात डाळ उसनी आणावी, असा प्रसंग कोणत्याही वसतिगृहाला नवीन नाही. त्याच तीन दात्यांनी भोजनाच्या खर्चाएवढी रक्कम दिली असती, तर मुलांना त्या दिवशी गोडही मिळाले असते आणि पुढचा आठवडाही निभावला असता.

फुकट आलेल्या वस्तूचा खर्च

वस्तू दान म्हणून आली म्हणजे ती फुकट आली, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तिच्यावर खर्च सुरू होतो तो ती दारात उतरल्यावर. कपड्यांच्या दहा गोण्या आल्या असे समजू. त्या कोणीतरी उघडायच्या. मुलांच्या मापाचे वेगळे, मोठ्यांचे वेगळे, फाटके वेगळे, मळके वेगळे करायचे. साड्या, सफारीच्या पॅंटी, लहान बाळांची झबली ही सहावी ते दहावीच्या मुलांच्या वसतिगृहात कोणाला द्यायची? उपयोगी पडतील ते धुवायचे, बटणे लावायची, मापाप्रमाणे लावून ठेवायचे. उरलेल्यांसाठी जागा शोधायची. पावसाळ्यात ओल लागू नये, उंदीर लागू नयेत याची काळजी घ्यायची. शेवटी त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी पुन्हा टेम्पो सांगायचा.

या कामाला वसतिगृहात वेगळा माणूस नसतो. ते अधीक्षक आणि शिक्षक करतात, आणि ते करतात त्या संध्याकाळी अभ्यासिका त्यांच्याविना चालते. दोन शिक्षकांचे तीन-तीन तास गोण्या निवडण्यात गेले, तर मुलांच्या गणित-इंग्रजीचे सहा तास गेले, असा हा सरळ हिशेब आहे. ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, अशाच मुलांसाठी ही शाळा निघाली. त्यांचे तास सर्वांत महाग आहेत.

पुस्तकांचेही तसेच. अभ्यासक्रम बदलला की जुने पाठ्यपुस्तक मुलाला गोंधळात पाडते. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाईड दोन वर्षांत रद्दी होतात. जुना संगणक आला तर त्यावर आजची प्रणाली चालत नाही. तो दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि टाकायचा तर ई-कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. घरातली उरलेली औषधे तर कोणीही देऊ नयेत. त्यांची मुदत, साठवण आणि मात्रा यांची जबाबदारी कोणालाच घेता येत नाही. लग्नसमारंभात उरलेले अन्न रात्री उशिरा वसतिगृहावर पोचविणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ते अन्न किती वेळ उघडे होते हे माहीत नसताना शंभर मुलांच्या ताटात वाढणे हा जिवाशी खेळ आहे. विषबाधा झाली तर त्या मुलांच्या आईवडिलांना उत्तर संस्थेला द्यावे लागेल.

घाऊक बाजारातली ताकद

काही जण म्हणतात, "जुने नको, तर आम्ही नवीन घेऊन देतो." हा विचार जुन्या वस्तूंपेक्षा निश्चितच चांगला आहे; तरीही एक फरक लक्षात घ्यावा. आपण दुकानातून किरकोळ भावाने घेतो, संस्था घाऊक भावाने घेते. समजा, एक चांगले पांघरूण किरकोळ बाजारात ५०० रुपयांना आणि शंभर नग एकदम घेतल्यास ३५० रुपयांना मिळते. एका दात्याने १०,००० रुपयांची पांघरुणे दुकानातून आणली तर ती वीस होतील. तीच रक्कम संस्थेने इतरांच्या रकमांत मिळवून घाऊक खरेदी केली तर अठ्ठावीस होतील. आठ मुलांची थंडी एवढ्याच फरकावर अवलंबून आहे.

दुसरी बाब समानतेची. सर्व मुलांना एकाच प्रकारचे पांघरूण, एकाच रंगाचा गणवेश, एकसारखी ताट-वाटी मिळणे, याचा अर्थ निवासी शाळेत फार मोठा असतो. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वस्तूंमुळे एकाला जाड चादर आणि दुसऱ्याला विरलेली, एकाला ब्रँडचा बूट आणि दुसऱ्याला शिवलेली चप्पल असा भेद निर्माण होतो. हा भेद मोडण्यासाठीच तर सामूहिक वसतिगृहाची कल्पना आपल्याकडे रुजली.

नागपट्टिणमचा धडा

हा प्रश्न केवळ शाळांपुरता नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली आणि नागपट्टिणम परिसरातील मच्छीमार वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्यात वापरलेले कपडे एवढे होते की ते रस्त्याच्या कडेला ढिगाऱ्यांनी पडून राहिले. अनेक मच्छीमार कुटुंबांनी ते अंगाला लावण्यास नकार दिला. कष्ट करून खाणारी ती माणसे होती. त्यांची घरे वाहून गेली होती, स्वाभिमान वाहून गेला नव्हता. त्यांना हव्या होत्या होड्या, जाळी आणि डोक्यावर छप्पर. पडून राहिलेल्या कपड्यांची वर्गवारी करून ते कामी लावण्याचे मोठे काम पुढे 'गूंज' या संस्थेला करावे लागले. अशा कामात मुरलेल्या संस्थेकडे वर्गवारीची यंत्रणा, गोदाम आणि मनुष्यबळ असते. जुन्या वस्तू द्यायच्याच असतील तर त्या अशा यंत्रणेकडे जाव्यात. ते काम निवासी शाळेचे नव्हे.

उतरलेले वस्त्र आणि माणूसपण

आतापर्यंत हिशेबाची बाजू मांडली. आपल्या समाजासाठी यापेक्षा महत्त्वाची बाजू प्रतिष्ठेची आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे, याचा नियम सांगितला आहे : उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातला टाकाऊ भाग आणि घरातले जुने सामान. त्याच अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत असेही म्हटले आहे. म्हणजे वरच्याने टाकलेले खालच्याने वापरावे, ही केवळ गरिबीतून आलेली सवय नव्हती. तो लिहून ठेवलेला कायदा होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो अंगावर वागविला.

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे थांबविण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाने आपल्याला जीर्ण वस्त्र नेमून दिले तो जाळल्यानंतर, आपल्याच संस्थेतील मुलांसाठी आपण जीर्ण वस्त्रांची गाठोडी पाठवावीत का, याचा विचार प्रत्येकाने करावा. पाठविणाऱ्याच्या मनात उच्चनीचतेचा लवलेशही नसतो हे मान्य. तरीही बारा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचे नाव शिवलेला सदरा घालून वर्गात बसावे लागते तेव्हा तिला काय वाटते, हे ती कोणाला सांगत नाही.

धम्मातील दानविचार याबाबत अत्यंत नेमका आहे. अंगुत्तर निकायात असत्पुरुषाचे दान कसे असते ते सांगितले आहे : तो बेपर्वाईने देतो, आदराशिवाय देतो, आपल्या हाताने देत नाही आणि जे टाकून द्यायचे तेच देतो. त्याच निकायात सत्पुरुषाच्या दानाची लक्षणेही आहेत : ते शुद्ध असते, उत्तम असते, योग्य वेळी दिलेले असते, घेणाऱ्याला उचित असते, विचारपूर्वक दिलेले असते आणि पुन:पुन्हा दिलेले असते, देताना आणि दिल्यावर मन प्रसन्न असते. अट्ठकथांमध्ये दात्यांचे तीन प्रकार मानले आहेत. स्वतः वापरतो त्यापेक्षा हलके देणारा तो दानदास, स्वतःसारखेच देणारा तो दानसहाय आणि स्वतःपेक्षा चांगले देणारा तो दानपती. या कसोट्या लावल्या तर योग्य वेळ, उचितता आणि सातत्य या तिन्ही गोष्टी साधण्याचा सामान्य नोकरदार माणसापुढील सोपा मार्ग म्हणजे नियमित रक्कम देणे हाच ठरतो.

आपल्या चळवळीचा अनुभव

आपल्या शैक्षणिक चळवळीचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट पुन:पुन्हा दिसते. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या रकमेतून काटकसर करून काय शिकायचे आणि कोणते ग्रंथ घ्यायचे, हे त्या विद्यार्थ्याने ठरविले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य दिले. त्याच शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली; अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांचे भोजन, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा खर्च सभेने उचलला.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या सातारच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. रमाईंनी धारवाडच्या वसतिगृहातील मुलांसाठी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. या मातांनी घरातले टाकाऊ दिले नाही. सर्वांत मोलाचे दिले. आणि ते सोने मोडून त्याचे पैसे झाले तेव्हाच मुलांच्या ताटात भाकरी पडली.

"पैसे दिले तर ते जातात कुठे?"

रोख देणगीविषयी सर्वांत मोठी अडचण विश्वासाची असते. वस्तू डोळ्यांना दिसते, पैशाचे काय होते ते दिसत नाही, असे अनेक जण खासगीत बोलतात. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक दात्याला आहे. किंबहुना तो विचारला गेलाच पाहिजे, कारण काही ठिकाणी समाजाच्या पैशाचा गैरवापर झालेला आपण पाहिला आहे.

परंतु थोडा विचार केला तर उलटेच चित्र दिसते. रकमेची पावती होते, तिला क्रमांक असतो, ती किर्दीत चढते, बँकेच्या खात्यात उमटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक न्यासाला हिशेब ठेवणे, त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे आणि ते धर्मादाय कार्यालयास सादर करणे बंधनकारक आहे. गोणीतून आलेल्या चाळीस सदऱ्यांचे काय झाले, हे मात्र कोणत्याच ताळेबंदात नीट सापडत नाही. तपासता येते ते दान पैशाचेच. म्हणून संस्थेवर शंका असेल तर रक्कम द्यायची सोडून वस्तू देऊ नये, हिशेब मागावा. वार्षिक अहवाल वाचावा, सभेला यावे, प्रश्न विचारावेत. उषवदाताने हिशेब दगडावर कोरला. आपण निदान तो सूचनाफलकावर लावण्याचा आग्रह धरावा.

व्यवहाराच्या दृष्टीने आणखी तीन गोष्टी सांगतो. संस्थेला प्राप्तिकराच्या ८०-जी सवलतीची मान्यता असेल, तर जुन्या करप्रणालीत विवरण भरणाऱ्या दात्याला मर्यादेत वजावट मिळते. ही वजावट वस्तुरूप देणगीला मिळत नाही, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तरी मिळत नाही. म्हणून धनादेश, बँक हस्तांतरण किंवा यूपीआय यांचाच वापर करावा. दुसरी गोष्ट परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांसाठी. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परकीय अंशदान ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे स्वतंत्र नोंदणी लागते. पाठविण्यापूर्वी कार्यालयाकडे चौकशी करावी. तिसरी गोष्ट, देणगीवर 'केवळ अमुक कामासाठी' अशी अट शक्यतो घालू नये. नामफलकाच्या खोलीसाठी पैसे मिळतात आणि त्या खोलीतील दिव्याच्या बिलासाठी मिळत नाहीत, अशी स्थिती त्यातून येते.

वस्तू केव्हा द्यावी?

याचा अर्थ वस्तू कधीच देऊ नये असा नाही. शेतकरी बांधवाच्या हाती रोकड नसते, पण खळ्यावर ज्वारी असते. त्याचे एक पोते वसतिगृहाला थेट उपयोगी पडते आणि वाहतूक व साठवण सोपी असते. मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालविण्याची आपल्याकडची परंपरा याच जाणिवेतून आली. स्वतःच्या कारखान्यात किंवा दुकानात जी वस्तू मूळ भावाने उपलब्ध आहे, तीही द्यावी. एखाद्याच्या कार्यालयातून दोन-तीन वर्षे वापरलेले, चालू स्थितीतले, एकाच प्रकारचे दहा संगणक मिळत असतील तर त्यांचे स्वागतच आहे. ग्रंथालयासाठी नामवंत लेखकांचे ग्रंथ, शब्दकोश, बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचे खंड यांनाही दार खुले आहे. फक्त पाठविण्यापूर्वी एकदा विचारावे, "हे आपल्याला लागते का?" आणि "नको" असे उत्तर आले तर राग मानू नये.

राहिला प्रश्न घरातल्या जुन्या वस्तूंचा. त्यालाही आपल्या समाजात जुनी, साधी सोय आहे. रद्दी रद्दीवाल्याला घालावी, भंगार भंगारवाल्याला द्यावे, बरी स्थिती असलेले फर्निचर किंवा सायकल विकावी आणि आलेले पैसे वसतिगृहाच्या खात्यात भरावेत. जुने कपडे घेऊन भांडे देणारी बोहारीण त्या कपड्यांचा धंदा आपल्यापेक्षा चांगला जाणते. तिच्याही घरी त्यावर चूल पेटते. या मार्गाचा एक फायदा असा की वस्तूची खरी किंमत कळते. ज्या गोणीला बाजारात कोणी शंभर रुपये देत नाही, ती वसतिगृहात पोचल्याने हजार रुपयांची होत नाही.

विसावा हिस्सा

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. समोर बसलेले लोक बहुतांशी शेतमजूर आणि गिरणी कामगार होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांच्याकडे घरात उरलेले मागितले नाही; कमावलेल्यातला भाग मागितला. त्यामागे त्या लोकांविषयीचा आदर होता. तुम्ही आता कोणाच्या दयेवर जगणारे नाही, तुम्ही संस्था उभारणारे आहात, हा त्याचा अर्थ होता.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांत शिक्षक, परिचारिका, अभियंते, पोलीस, बँक कर्मचारी आणि व्यावसायिक आहेत. विसावा हिस्सा सगळ्यांना जमेलच असे नाही. पण समजा, तीनशे माजी विद्यार्थ्यांनी दरमहा केवळ २०० रुपये बँकेतून आपोआप जमा होतील अशी सूचना देऊन ठेवली, तर वर्षाला ७,२०,००० रुपये होतात. त्यातून अनुदानाचा हप्ता लांबला तरी कोठी रिकामी पडणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी यापेक्षा अधिक देऊन कायम निधीत भर घालावी. ती आपल्या काळातील अक्षयनीवी ठरेल. मूळ रक्कम तशीच राहील आणि तिच्या व्याजावर आपल्यानंतरच्याही मुलांच्या वह्या येतील.

ज्यांची सध्या तीही ऐपत नाही, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत येऊन मुलांचे गणित घ्यावे. एरवी गोण्या निवडण्यात जाणारा वेळ अशा प्रकारे मुलांकडे परत येईल.

जून जवळ येत आहे. नवी मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन फाटकातून आत येतील, तेव्हा त्यांना नवा गणवेश मिळावा, तो सर्वांना सारखा मिळावा आणि पहिल्याच दिवशी मिळावा, एवढे आपण सर्वांनी मिळून निश्चित करू शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!